आपला पाऊस, त्यांचं ऊन

कोकणात आषाढाचा पाऊस कोसळत असतो, पऱ्ह्यांना तांबडं पाणी आलेलं असतं, होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. नेमक्या त्याच दिवसांत ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या आकाशात ढगाचा ठिपकाही दिसत नाही. जुलै महिन्यात मुंबईला ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. क्रीटमधल्या इराक्लिओ शहरात त्या महिन्याचा सरासरी पाऊस मोजपात्राचा तळ जेमतेम ओला करील एवढाच. दोन दूरच्या देशांचे दोन निराळे ऋतू, असं कुणीही म्हणेल. पण ते एकमेकांना बांधलेले आहेत. हे कळल्यापासून भूमध्य समुद्राकडे बघायची माझी नजरच बदलली, आणि तिकडे कधी जावं या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच सापडलं.

मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपला मोसमी पाऊस पडतो तेव्हा वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता वातावरणात मोकळी होते. त्या उष्णतेने भारतावरची आणि बंगालच्या उपसागरावरची हवा वर चढत राहते आणि वातावरणात एक भलीमोठी लाट उठते. ती पश्चिमेकडे सरकते आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर, तिकडच्या पश्चिमी वाऱ्यांशी गाठ पडून, हवा खाली उतरायला लागते. खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते आणि तिच्यात ढग टिकत नाहीत. म्हणजे ग्रीस, तुर्कस्तान, सायप्रस या भागांचा लख्ख कोरडा उन्हाळा काही अंशी आपल्या पावसाचं देणं आहे. इकडे हवा चढते म्हणून तिकडे उतरते.

माझं माहेर गुहागरजवळचं. पावसाच्या हिशोबावरच आमचं वर्ष चालायचं. आगोटीची बेगमी, मृग, मग नारळी पौर्णिमा. लेक म्युनिकला नोकरीला लागल्यावर तिला आणि आम्हाला भेटायला सोयीची जागा म्हणून आम्ही क्रीटला जायला लागलो, आणि वेगवेगळ्या महिन्यांत ते बेट बघायला मिळालं. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला तिथे सगळ्यात आधी काय खटकतं सांगू? तिथे ओहोटी नसते. म्हणजे शास्त्रापुरती असते, काही सेंटिमीटरची, पण डोळ्याला दिसत नाही. आमच्याकडे सकाळी ज्या वाळूवर पोरं क्रिकेट खेळतात तिथे दुपारी कमरेएवढं पाणी असतं, आणि समुद्रावर जायचं तर आधी तिथी बघावी लागते. क्रीटला किनारा दिवसभर तेवढाच रुंद. चंद्राचं तिथे काही चालत नाही. तिथे समुद्राचा मालक एकच, तो म्हणजे वारा. म्हणून भूमध्य समुद्राचा बेत आखताना तापमानाचे तक्ते नंतर बघावेत, आधी वारा बघावा, असं माझं ठाम मत आहे. सहलीच्या जाहिराती नेमकं तेच सांगत नाहीत. त्यात ऊन किती तास आणि पारा किती अंश एवढंच असतं.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या मधल्या एजियन समुद्रातल्या उन्हाळी उत्तर वाऱ्याला आज मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक त्याला एतेसियन वारे म्हणत, दरवर्षी नेमाने येणारे. जुलै आणि ऑगस्ट हे त्याचे भराचे महिने. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. दुसरीकडे आपल्या उपखंडावरून इराण, इराकमार्गे तुर्कस्तानपर्यंत तापलेल्या जमिनीवर कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा पसरलेला असतो. या दोहोंच्या मधल्या फटीतून हा वारा दक्षिणेकडे धावतो. म्हणजे इथेही आपल्या मोसमी ऋतूचं एक टोक आहेच. आकाश निरभ्र, ऊन चकचकीत आणि वारा मात्र असा की कॅफेतल्या टेबलावरचा कागद चिमट्यांनी बांधावा लागतो. वादळाची कुठलीही खूण नसताना समुद्र पांढऱ्या फेसाने भरून जातो. आपल्या मनात जोराचा वारा आणि काळं आभाळ यांची जोडी पक्की असते. तिथे निळ्याशार आभाळाखाली दर्या खवळलेला बघून कोकणी माणूस गोंधळतो.

तिथे वाऱ्याचा जोर ब्यूफोर्टच्या ० ते १२ अशा मापात सांगतात. बंदरावर कुणाही दोघांचं बोलणं ऐकलं तर त्यात हा आकडा येतोच. ५ असला तर लोकांना त्याचं काही वाटत नाही. ६ झाला की लहान बोटींच्या सहली रद्द व्हायला लागतात. ८ म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वर, त्या सुमाराला मोठ्या फेरीबोटींनाही बंदर सोडायला मनाई होते. वेगवान बोटी त्याच्या आधीच थांबतात. मिकोनोस, तिनोस, नॅक्सोस ही सगळी सायक्लेडीझ बेटं या वाऱ्याच्या तोंडावरच बसलेली आहेत, आणि भारतातून जाणाऱ्या बहुतेक सहली नेमक्या तिथेच जातात. ऑगस्टमध्ये तीन बेटांचा बेत आखून परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते. मधे एक मोकळा दिवस हवाच.

मेल्तेमीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. भर ऑगस्टात अथेन्समध्ये पारा ३४-३५ ला टेकतो तेव्हा नॅक्सोसच्या किनाऱ्यावर तो २७-२८ च्या आसपास असतो, तो या वाऱ्यामुळेच. ज्या वर्षी वारा पडतो त्या वर्षी बेटांवरचे लोक हवालदिल होतात. शिवाय शिडाच्या होड्या आणि पाण्यावरच्या फळ्या घेऊन येणाऱ्यांसाठी हाच वारा पर्वणी असतो. पण लेकराबाळांना घेऊन पाण्यात डुंबायला जाणाऱ्यांचा तो हंगाम नव्हे.

अथेन्समध्ये रोमन बाजारपेठेच्या अवशेषांत संगमरवरी अष्टकोनी मनोरा आहे, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा. किर्‍हॉसच्या अँड्रोनिकोसने बांधलेला. आठ बाजूंना आठ वाऱ्यांच्या उडत्या मूर्ती कोरल्या आहेत. उत्तरेचा बोरेआस जाड अंगरख्यात गुरफटलेला, हातात शंख. ईशान्येच्या कैकियासच्या ढालीत गारा भरलेल्या. दक्षिणेचा नोतोस घडा उपडा करून पाणी ओततो आहे. पश्चिमेचा झेफिरोस तरुण, ओच्यात फुलं. आपल्याकडे आठ दिशांना आठ दिक्पाल आहेत, पण त्यांतला वारा एकच, वायू. या लोकांनी आठही दिशा वाऱ्यांनाच देऊन टाकल्या. मी त्या मनोऱ्याभोवती पुन्हा पुन्हा फिरले. अॅक्रोपोलिस या जुन्या देवळांच्या टेकडीच्या वाटेवर धावणारी गर्दी इथे फारशी थांबत नाही, पण मला विचाराल तर ग्रीसच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणाऱ्याने आधी इथे यावं. कुठला वारा काय घेऊन येतो, हे त्या दगडात लिहून ठेवलेलं आहे.

आणि एतेसियन वाऱ्यांचा आपल्या किनाऱ्याशी संबंध हवामानशास्त्रापुरताच नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने भारताकडे निघणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रवास नोंदवून ठेवला आहे. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीतून प्रवाहाच्या उलट दिशेने कॉप्टोसपर्यंत १२ दिवस, ते एतेसियन वारे शिडात घेऊन. मग वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात. ऐन उन्हाळ्यात तिथून निघायचं आणि पुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर बसून भारत गाठायचा. त्याच शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या नोंदींमध्ये सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावं येतात. सोपारा आणि कल्याण तर आज आपण लोकलच्या पाट्यांवर वाचतो! त्या व्यापाऱ्याला रॉडवेल-हॉस्किन्स यांचं गणित ठाऊक नव्हतं. पण एकाच उन्हाळ्यात एका यंत्राची दोन्ही टोकं त्याने आपल्या शिडात पकडली होती. नाईलमध्ये पाठीशी उत्तर वारा, अरबी समुद्रात पाठीशी नैर्ऋत्य. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता उन्हाळ्याच्या उकाड्याविषयी. तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. सिसिलीत सिराक्यूजजवळ ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस नोंदले गेले, आणि युरोप खंडाचा उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेने नंतर त्याला मान्यता दिली. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावर वणवे पेटले आणि सुमारे १९,००० लोकांना घरं आणि हॉटेलं सोडून सुरक्षित ठिकाणी हलवावं लागलं. त्याच महिन्यात अॅक्रोपोलिस ऐन दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. विदर्भातल्या माणसाला ४० अंशांचं काय, असं वाटेल. पण चंद्रपूरचा माणूस त्या वेळी घरात कूलरपुढे बसतो, संगमरवरी अवशेषांच्या टेकडीवर लहान मुलाचा हात धरून चढत नाही. त्यात १५ ऑगस्ट हा मरियम मातेचा मोठा सण. त्या आठवड्यात सगळा ग्रीस गावी आणि बेटांवर निघालेला असतो. तिनोस बेटावर बंदरापासून देवळापर्यंतचा चढ भाविक गुडघ्यांवर चढतात. आपल्याकडचं लोटांगण बघितलेल्या माणसाला ते अगदी ओळखीचं वाटतं. ते बघायलाच जायचं असेल तर जरूर जावं, पण मग खोली आणि बोट फार आधी ठरवून. निवांतपणा शोधायला मात्र त्या आठवड्यात जाऊ नये.

मग जावं कधी? माझं उत्तर आहे, आपला मोसमी पाऊस माघारी फिरतो तेव्हा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात राजस्थानातून परतीची वाट सुरू होते, आणि तिकडे मेल्तेमीचा जोरही ओसरत जातो. एक यंत्र मंदावतं, दुसरं टोकही सैलावतं. अधिक मास नसलेल्या वर्षी घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंतचे दिवस, हा पूर्व भूमध्य समुद्राचा माझ्या मते सर्वांत सुंदर काळ.

आणि याला कारण फक्त वारा नाही. पाणी हवेच्या मागून तापतं आणि मागूनच निवतं. इराक्लिओला मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत दुपारचं तापमान जवळजवळ सारखं असतं, २४ अंशांच्या आसपास. पण समुद्राचं पाणी मे महिन्यात १९-२० अंश असतं आणि ऑक्टोबरात २२-२३. ऑगस्टात ते २५-२६ वर चढलेलं असतं आणि सप्टेंबर जवळजवळ तसंच जातं. माहेरी रात्री चूल विझली तरी वैलावरच्या हंड्यातलं पाणी पहाटे हात घालावा इतकं कोमट असायचं, तसा हा समुद्र अख्खा उन्हाळा पोटात धरून ठेवतो. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी इतकं गार सहसा होत नाही. म्हणून ज्या माणसाचा पिंड अरबी समुद्राचा, त्याला १९ अंशांत पाय घातला की शिरशिरी येते. मे महिन्यात जर्मन आणि डच मंडळी हसत पोहत असतात. ती त्या थंडीत जन्मलेली आहेत. आपलं तसं नाही.

मे महिन्याला मी नावं ठेवत नाही. चालणाऱ्यांसाठी, फुलं बघणाऱ्यांसाठी त्याच्यासारखा महिना नाही. आपल्याकडे जे हिरवेपण श्रावणात येतं ते तिथे फाल्गुन-चैत्रात असतं, कारण त्यांचा पाऊस हिवाळ्यात पडतो. हे गणित डोक्यात बसायला आपल्याला वेळ लागतो. सगळ्यात हिरवा ऋतू हा हिवाळा संपतानाचा, आणि उन्हाळ्यात डोंगर गव्हाळ, करपलेले. एप्रिलच्या शेवटी क्रीटच्या शेतांच्या बांधावर लालभडक पॉपी, पिवळी शेवंतीसारखी रानफुलं आणि मागे पांढऱ्या पर्वतांवर अजून टिकलेला बर्फ. तिथली सर्वांत उंच शिखरं २४५० मीटरच्या वर आहेत, कळसूबाईच्या दीडपट. सामारियाची घळ साधारण १ मेपासून उघडते, कारण त्याआधी तिच्यातून बर्फाचं आणि पावसाचं पाणी वाहत असतं. १६ किलोमीटर उतरत उतरत थेट दक्षिणेच्या समुद्राशी, आगिया रुमेली गावात पोचायचं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी ही वाट चुकवू नये. वसंतात एक मात्र होतं. लिबियाकडून दक्षिणेचा वारा सुटला तर सहारातली धूळ घेऊन येतो. एप्रिल २०२४ मध्ये अथेन्सचं आकाश त्या धुळीने नारिंगी झालं होतं. असे एकदोन दिवस घरात बसायची तयारी ठेवावी.

किनारा निवडतानाही वाराच बघावा. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब, मधे डोंगरांचा कणा. उत्तर वारा असला की उत्तरेच्या किनाऱ्यावर लाटा येतात, हे कुणालाही कळेल. मग दक्षिणेला जावं, तिथे पाणी शांत असणार, असं वाटतं. पाणी शांत असतं हे खरं, पण काही ठिकाणी वारा डोंगर ओलांडून घळींतून खाली झेपावतो आणि वाळू अंगावर सपासप मारतो. प्लाकियासच्या किनाऱ्यावर मी ओढणीने तोंड बांधून बसलेली आहे. तिथून फार लांब नसलेलं लुत्रो मात्र कड्याच्या कुशीत असल्याने पुष्कळच निवांत. तिथे मोटाररस्ता नाही, बोटीने किंवा पायीच जायचं. पश्चिम टोकाचं एलाफोनिसी आणि बालोस यांची छायाचित्रं सगळ्यांनी बघितलेली असतात. तिथलं पाणी उथळ आणि खरोखरच त्या रंगाचं आहे. पण दुपारी तिथे गर्दी उसळते, तेव्हा सकाळी लवकर जावं. उत्तर वारा बहुधा दुपारी चढतो आणि रात्री मंदावतो, त्यामुळे सकाळ पदरात पडते. आमच्याकडे मतलई वारे पहाटे होड्यांना बाहेर नेत, तेव्हा समुद्राची सकाळ वेगळी असते हे मला नवीन नव्हतं.

हा सगळा हिशोब पूर्व भागाचा. पश्चिम भूमध्य समुद्राला तो जसाच्या तसा लावू नये, हे मला आवर्जून सांगायचं आहे. स्पेनचा पूर्व किनारा, फ्रान्सचा दक्षिण किनारा, इटलीतला लिगुरिया, इथे शरद ऋतू दगाफटका करू शकतो. ज्या कोमट पाण्याचं मी एवढं कौतुक केलं, तेच तिथे आगीत तेल ओततं. उन्हाळाभर तापलेल्या समुद्राची वाफ आणि उत्तरेकडून वरच्या थरात घुसलेली थंड हवा यांची गाठ पडली की काही तासांत वर्षभराचा पाऊस कोसळतो. २५ ऑक्टोबर २०११ रोजी लिगुरियातल्या चिंक्वे तेर्रेमधल्या वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांच्या गल्ल्यांतून चिखलाचे लोंढे वाहिले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया प्रांतात तुरीस इथे एका दिवसात ७७० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला आणि त्या पुरात २०० हून अधिक माणसं गेली. आम्हा कोकणातल्या लोकांना एका दिवसात ३०० मिलिमीटर नवे नाहीत. पण आमच्या नद्या त्या पाण्यासाठीच घडलेल्या आहेत. तिथे वर्षभर कोरड्या पडलेल्या पात्रांत माणसांनी रस्ते आणि वाड्या केल्या आहेत. म्हणून पश्चिमेकडे जायचं तर जूनचा दुसरा पंधरवडा धरावा. पाणी तोवर पोहण्याजोगं होतं, दिवस सर्वांत मोठे असतात, युरोपातल्या बऱ्याच शाळा अजून सुटलेल्या नसतात.

पूर्वेचा शरद ऋतूही अगदी निर्धोक आहे असं म्हणणं खोटेपणाचं होईल. सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला डॅनियल नावाच्या वादळाने ग्रीसच्या थेसली भागात धुमाकूळ घातला. झागोरा या गावी एका दिवसात ७५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. तेच वादळ पुढे तापलेल्या समुद्रावरून लिबियात गेलं, आणि देर्ना शहराच्या वरची धरणं फुटून हजारो माणसं वाहून गेली. त्या बातम्या मी पुण्यात बसून बघत होते आणि माळीणची, तळियेची आठवण येत होती. समुद्र जितका जास्त तापेल तितकी अशा वादळांना शिदोरी मिळत जाणार. म्हणून आता मी जाण्याआधी हवामानखात्याचे इशारे रोज बघते, आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू देत नाही, कुणी कितीही सावली दाखवली तरी.

तरीही ऑक्टोबर. पहिला पाऊस पडून गेला की क्रीटची माती असा वास सोडते की डोळे मिटले तर मृग लागला म्हणावं. पण तो वास थाइम आणि ओरेगानोच्या करपलेल्या काड्यांतून येतो, त्यामुळे त्यात किंचित तिखटपणा असतो. दुसऱ्या दिवशी माणसं पिशव्या घेऊन दगडी बांधांवर गोगलगाई गोळा करताना दिसतात. ते तिथलं आवडतं खाणं. खडकांच्या फटींतून फिकट जांभळी सायक्लेमेनची फुलं वर येतात, पानांच्या आधी. त्यांचा वसंत तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं. द्राक्षांचा हंगाम उरकलेला असतो. रस काढून उरलेला चोथा आंबवलेला असतो आणि गावोगावी तांब्याच्या भट्ट्या पेटतात. त्या भट्टीतून उतरणारी दारू म्हणजे त्सिकुदिया, बोलीत राकी. भट्टीभोवती सगळा गाव जमतो, निखाऱ्यांवर बटाटे भाजले जातात, डाळिंबं फोडली जातात. क्रीटच्या पश्चिमेकडल्या खानिया शहराजवळच्या खेड्यात आम्ही उतरतो त्या घरच्या आजींनी आम्हाला त्यांच्या पुतण्याच्या भट्टीवर नेलं होतं. मी पीत नाही म्हटल्यावर त्यांनी राग न मानता माझ्या पदरात डाळिंबं टाकली. २६ ऑक्टोबरला संत दिमित्रिओसचा दिवस. त्या सुमाराला येणाऱ्या उबदार दिवसांना ग्रीक लोक त्या संताचा छोटा उन्हाळा म्हणतात. आपला ऑक्टोबरचा उन्हाळा माणसाला घामाघूम करतो, त्यांचा अंग शेकून काढतो.

जुन्या लोकांनी या समुद्राचं वेळापत्रक फार आधी मांडून ठेवलं आहे. रोमन लेखक व्हेजेटियसने लिहिलंय की ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. अगदी निर्धास्त प्रवास २७ मे ते १४ सप्टेंबर. बायबलमधल्या कथनानुसार संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज असंच उशिरा क्रीटच्या दक्षिण किनाऱ्याला पोचलं. यहुद्यांच्या शरद ऋतूतल्या उपवासाचा दिवस उलटून गेला होता. पौलाने पुढे जाऊ नका म्हणून सांगितलं, जहाजावरच्या रोमन अधिकाऱ्याने ऐकलं नाही, आणि ईशान्येच्या तुफानाने ते जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर नेऊन फोडलं. आपल्याकडे महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि नारळ वाहिल्यावर दर्या खुला होतो. त्यांचा बंद समुद्र हिवाळ्याचा, आपला पावसाळ्याचा. दोन समुद्र आळीपाळीने दारं मिटतात. त्यांच्या बंद हंगामाच्या मध्यात, बहुधा जानेवारीत, लख्ख शांत दिवसांची एक लहर येते. खंड्या पक्षी तेव्हा समुद्रावर घरटं करतो आणि वाऱ्यांचा राजा त्या पक्ष्याच्या रूपातल्या आपल्या लेकीसाठी वारा आवरून धरतो, अशी त्यांची जुनी कथा. पोहायला नाही, पण रिकाम्या किनाऱ्यावर चालायला ते दिवस फार छान.

परवा भाचीचा फोन आला होता. "मावशी, तुझं घटस्थापना आणि कोजागिरी ठीक आहे गं, पण पोरांच्या शाळेचं काय? आम्हाला दिवाळीच मिळते." तिचं बरोबर आहे. आपल्याकडची बहुतेक घरं मे महिना आणि दिवाळी या दोन सुट्ट्यांतच बसतात. तिला मी सांगितलं ते इथेही लिहिते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर क्रीटमधली बरीच हॉटेलं हंगाम संपवून बंद झालेली असतात, पर्यटकांची थेट विमानं ऑक्टोबरअखेर थांबतात, आणि घड्याळं तासभर मागे गेल्यामुळे संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. म्हणून त्या वर्षी सायप्रस. ते आणखी पूर्वेला आणि दक्षिणेला, तिथलं पाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही २२-२३ अंश असतं, आणि पाफोस, लार्नाका ही गावं बारमाही राहती असल्याने खानावळी चालू असतात. एखादी सर येईल, छत्री घ्यावी. २०२७ ची दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे. शाळेला सुट्टी चारसहा दिवस आधी लागली तर त्या वर्षी क्रीट गाठता येईल. मग उतरायचं खानियाला, सामारियाची घळ बंद व्हायच्या आत एक दिवस तिथे, बाकीचे दिवस समुद्रावर. बोटीचं तिकीट लागणारं दुसरं बेट बेतात घालू नये. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तो जूनमध्येच करून टाकावा. मुलांसाठी पाण्यात घालायचे बूट न्यावेत, कारण बरेच किनारे गोट्यांचे आहेत. आणि स्वेटर एकेक असू द्यावा, डोंगरात रात्री लागतो.